बिब्याच्या वळणावरचा दगड

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. अकोला

नऊ वर्षांनी आज पुन्हा स्टेअरिंग हातात आलं. केबिनच्या पायरीवर पाय ठेवला आणि चोपन्नाव्या वर्षी पोटात गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला लिहू. गाडी सहाचाकी, दोन वर्षं वापरलेली, पण काच स्वच्छ, सीट धड आणि हॉर्न असा की अर्धं ट्रान्सपोर्ट नगर वळून बघेल. मालक किशोरभाऊ माझ्याहून वीस वर्षांनी लहान. किल्ली देताना म्हणाला, सहदेवभाऊ, तुमाले काय शिकवा लागते? आणि मग अर्धा तास शिकवत बसला. हे जीपीएस, हा काचेवरचा कॅमेरा, ही युरियाची टाकी. डिझेलच्या गाडीला युरिया! मी विचारलं, कापसाच्या पऱ्हाटीले देतो तसा मुठीनं टाकू काय? तो हसला.

ही डायरी दीक्षानं दिली. माझी एकुलती एक लेक, धारणीला नर्स आहे. जावई ललित तिकडेच शाळेवर मास्तर. तिचं म्हणणं असं की बाबा, तुमी दिवसभर कोणावर ना कोणावर कावता, तो राग कागदावर काढत जा. हे ऐकून मी तिच्यावरच खेकसलो. मग घेतली डायरी.

काम असं: अकोल्याहून सिमेंट, पत्रे, सळया भरायच्या, परतवाड्यावरून घाट चढायचा, संध्याकाळच्या आत धारणी. दुसऱ्या दिवशी रिकामी गाडी परत. किशोरभाऊची गाडी अंधारात जंगलातून जात नाही, हे बरं आहे. ही लाइन मी मागून घेतली, लेकीच्या हातची भाकर खायला मिळेल म्हणून.

नऊ वर्षं कापसाच्या एका जिनिंगच्या फाटकावर वॉचमन म्हणून बसलो. येईल त्याच्या मोटारीला सलाम ठोकला. कंबर गेली म्हणून गाडी सोडली, असंच मी सगळ्यांना सांगितलं होतं. शालूलासुद्धा, आणि ती तर माझी बायको. आता कंबर बरी आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार. धारणी

पहिली खेप झाली. हात विसरले नाहीत. घाटात दुसऱ्या गिअरवर गाडी अशी चढली की मीच मला शाबासकी दिली.

एका गोष्टीनं मात्र डोकं फिरलं. घाट लागायच्या आधी एक चहाची टपरी आहे. पूर्वी नव्हती. माणिकबाई नावाची म्हातारी चालवते. कप सगळे उपडे ठेवलेले. ड्रायव्हर आला की ती आधी विचारते, दगड उचलला काय रे बापू? ड्रायव्हरनं म्हणायचं, उचलला माय. मग ती कप सुलटा करते आणि चहा ओतते. गाडी रस्त्यात बंद पडली की आपण चाकामागं दगड लावतो, मागच्यापुढच्यांना कळावं म्हणून रस्त्यावर दगड मांडतो, आणि निघताना ते उचलून कडेला टाकायचे असतात. तेवढंच ती विचारते. पण ज्याची गाडी बंदच पडली नाही त्यालाही विचारते! मोठे मोठे मिशीवाले ड्रायव्हर शाळेतल्या पोरांसारखे उचलला माय, उचलला माय करत होते.

मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, थांबलोच नाही तर काय डोंबल उचलू? तिनं कप सुलटा केला नाही. मी चहा न पिताच निघालो. कोण कुठली म्हातारी, मला हिशेब विचारते.

दीक्षाकडे पोचायला पाऊण तास उशीर झाला. भाजी दोनदा गरम करावी लागली म्हणाली. मी रस्त्यात कुठेच थांबलो नव्हतो. घड्याळ पुढे असेल तिचं.

६ नोव्हेंबर, गुरुवार. अकोला

किशोरभाऊनं बोलावून घेतलं. ऑफिसात गीतांजली नावाची मुलगी कॉम्प्युटरवर सगळ्या गाड्या बघत बसते. तिनं दाखवलं, मंगळवारी माझी गाडी सेमाडोहच्या अलीकडे एका वळणावर चाळीस मिनिटं उभी होती. किशोरभाऊ म्हणाला, भाऊ, झोप आली तं झोपा, पण वळणावर काहून? मी त्याला चांगलं सुनावलं. वीस वर्षांत मी वळणावर गाडी उभी केली नाही, ते मशिन तुमचं दारू प्यायलंय, असं म्हणालो. गीतांजली मान खाली घालून बसली.

चाळीस मिनिटं! मी काय पोरगा आहे थापा मारायला?

गाडी धुताना सीटच्या मागे दगड सापडला. काळा, पायलीएवढा, मधून एक पांढरी रेघ. आधीच्या ड्रायव्हरनं चाकाला लावायला ठेवला असणार. गाडीबरोबर लाकडाचे ठोकळे दिलेत, मग हे धोंडे कशाला? उचलून नालीत फेकला. सालं एकेकाचं काम.

११ नोव्हेंबर, मंगळवार. धारणी

आज मुद्दाम लक्ष ठेवून चालवली. पाणी प्यायलासुद्धा थांबलो नाही. घड्याळ बघून निघालो, घड्याळ बघत आलो. बिब्याच्या झाडाचं ते वळण, आम्ही जुने ड्रायव्हर त्याला बिब्याचं वळण म्हणायचो, तिथे अकरा वाजून वीस मिनिटं. वळण घेतलं. पुढच्या पुलावर घड्याळ बघितलं तर बारा वाजून पाच.

पूल तिथून दोन मिनिटांवर आहे.

हाताला माती होती. नखांत काळी माती. मी स्टेअरिंगवर मूठ मारून मारून हात सुजवून घेतला. राग कोणाचा येतोय तेच कळत नाही, पण आलाय. जेवताना ललितनं साधं विचारलं, बाबा, हाताले काय झालं जी? तर त्याच्यावर ओरडलो. बिचारा ताट घेऊन आत गेला. दीक्षा म्हणाली, डायरीत लिहा. लिहितोय.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. अकोला

सीटमागे दगड. तोच. पांढरी रेघ.

परवा येताना पुन्हा टपरीवर थांबलो होतो, ते लिहायचं राहिलं. तिनं विचारलं, उचलला काय बापू? मी तिच्याकडे न बघता चहाच्या किटलीकडे हात केला. तिनं किटली उचलून मागे ठेवली. टपरीत तिच्या डोक्यावर एक फोटो आहे, हार घातलेला. जवान पोरगा आणि त्याची बायको, मोटारसायकलवर बसून काढलेला. मी विचारलं नाही. शेजारचा ड्रायव्हर आपणहून सांगायला लागला, हा तिचा मोतीराम, ही सून माया, नऊ वर्सं झाले. मी त्याला म्हटलं, तुझी गाडी आडवी लागली आहे, आधी ती काढ.

नव्हती लागली आडवी.

दगड आज मोर्णेच्या पुलावरून नदीत टाकला. आवाज ऐकला तेव्हाच निघालो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार. धारणी

पुन्हा पाऊण तास. पुन्हा नखांत माती. दोन्ही तळव्यांना खरचटलंय. जड काहीतरी उचलल्यासारखे खांदे दुखतात.

दगड सीटमागे नव्हता. बरं वाटलं. दीक्षाच्या अंगणात गाडी लावली, जेवून बाहेर येऊन बघतो तर मागच्या चाकाला लावलेला. मी लाकडी ठोकळा लावला होता. ठोकळा बाजूला नीट ठेवून दगड लावला होता.

ललितला विचारलं. तो म्हणाला, मी नाही बाबा. शेजाऱ्याला शिव्या घातल्या. दीक्षा रडवेली झाली, म्हणाली, इथं मले नोकरी करा लागते, बाबा.

२० नोव्हेंबर, गुरुवार. अकोला

आज मीच ऑफिसात जाऊन कॅमेऱ्याचं चित्रण मागितलं. म्हटलं, एकदाचं होऊन जाऊ द्या. किशोरभाऊ नव्हता. गीतांजलीनं लावलं.

कॅमेरा काचेतून पुढचा रस्ता बघतो. बिब्याचं वळण आलं, गाडी थांबली. मग मी गाडीसमोर आलो. माझाच शर्ट, गळ्यात लाल दुपट्टा. मी कडेचे दगड उचलून एकेक रस्त्यावर मांडत होतो. कमानीसारखे, आम्ही मांडतो तसेच. तोंड चालू होतं. आवाज नव्हता, पण मला माझ्या शिव्या ओठांवरून कळतात. शेवटी काळा दगड आणला, वळणाच्या अगदी तोंडाशी ठेवला. आणि त्याच्यावर बसलो. कॅमेऱ्याकडे पाठ करून, मान खाली घालून.

मग गाडी हलली. दगडांना वळसा घालून, माझ्या बाजूनं पुढे गेली.

गीतांजलीनं ते दोनदा लावलं. मग हळूच म्हणाली, काका, तुमी तं तिथंच बसून राह्यले. मंग गाडी कोनं नेली?

मी तिला म्हटलं, बंद कर ते. इतक्या जोरात म्हटलं की बाहेरचे हमाल आत आले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

शालूला ताप आल्याचं सांगून सुट्टी घेतली. तिला ताप नाही.

लिहितो. राग कागदावर काढ म्हणते ना दीक्षा.

२०१६, नोव्हेंबर. दुपारची वेळ. बिब्याच्या वळणावर मागचा टायर फुटला. भरलेली गाडी, चढ. चाकामागं दगड लावला, काळा, पांढऱ्या रेघेचा. वळणाच्या तोंडाशी दगड मांडले. जॅक घसरत होता. तेव्हाचा मालक फोनवर शिव्या घालत होता, अजून कसा निघाला नाहीस म्हणून. चाळीस मिनिटं लागली. टायर चढला तेव्हा मी इतका तापलेला होतो की सामान फेकलं, दार आपटलं आणि निघालो. मागच्या चाकाखालचा दगड वळणातच गडगडत गेला, आरशात दिसला मला. बाकीचेही तिथेच. दिसले. थांबून उतरायला दोन मिनिटं लागली असती. मी म्हटलं, मरू दे.

हेच शब्द. मरू दे.

दुसऱ्या दिवशी अकोल्यात पेपर वाचला. वळणावर दगडाला मोटारसायकल धडकून नवरा-बायको ठार. गावाला चालले होते. पेपरात लिहिलं होतं, दगड कोणी ठेवला ते कळलं नाही.

मला कळलं होतं. मी पेपरची घडी घातली आणि मालकाला सांगितलं, कंबर गेली.

नऊ वर्षं मी सगळ्या जगावर ओरडलो. पोरीवर, बायकोवर, हमालांवर, त्या मास्तरावर. कशाला ते आत्ता कागदावर बघतोय. मालकाचा राग आला होता म्हणून दोन माणसं मारली, आणि स्वतःचा आला तेव्हा दुसऱ्यांवर काढला. थू.

२४ नोव्हेंबर, सोमवार

किशोरभाऊला सांगितलं, दुसरी लाइन द्या. म्हणाला, महिना भरू द्या. त्याला खरं सांगता आलं नाही.

रात्री— नाही, दिवसाचंच लिहितो. दुपारी जेवताना भाकरीच्या टोपल्यात दगड होता. शालूला दिसला नाही. तिनं त्याच्यावरूनच भाकर उचलली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दीक्षाचा फोन. शनिवारी दुपारी अडीचला निघून दोघं अकोल्याला येतात, ललितच्या चुलतभावाचं लग्न आहे. मोटारसायकलवर.

मी म्हटलं, एसटीनं या. ती म्हणाली, एसटीत मले गरगरते, बाबा. मी म्हटलं, एसटीनं ये सांगितलं ना! ती म्हणाली, काहून पण? मी सांगायला हवं होतं. तोंडातून निघाल्या शिव्या. ललितला, मोटारसायकलला, लग्नाला. ती शांतपणे म्हणाली, डायरीत लिहा, आणि फोन ठेवला.

मी नेहमीच ओरडतो. आज ओरडलो ते वेगळं होतं हे तिला कसं कळणार? पुन्हा लावला. उचलत नाही. ललितही नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

फोन उचलत नाहीत. मेसेज पाठवला, त्यावर ललितनं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. बस.

उद्याची खेप मागून घेतली. ते तिकडून निघायच्या आत मी वळणावर पोचणार. दगड उचलणार. सगळे. दरीत टाकणार. मग काय व्हायचं ते माझं होऊ दे.

२९ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ११

माणिकबाईच्या टपरीवर आहे. लिहून ठेवतो.

तिनं विचारलं, उचलला काय बापू? मी म्हटलं, नाही माय. नाही उचलला. नऊ वर्षं झाली, बिब्याच्या वळणावर, तो माझा होता.

वाटलं, म्हातारी उकळता चहा तोंडावर टाकेल. टाकायला हवा होता. तिनं फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, आत्ता सांगून राह्यला? मी मान हलवली. तिनं हातातला कप पुन्हा उपडा ठेवला आणि म्हणाली, जाय, उचलून ये. मंग चाय.

निघतो.

दुपारी १२.३०. वळण

गाडी बंद पडली. आपोआप. स्टार्टर मारतोय, काही नाही.

दगड मांडलेले आहेत. मी मांडले नाहीत. आज नाही मांडले. सगळे उचलून दरीत टाकले, काळा सगळ्यात शेवटी. पडल्याचा आवाज ऐकला.

मागे वळलो तर वळणाच्या तोंडाशी— काळा.

१.४०

अकरा वेळा टाकला. बोटं फुटलीत. बाकीचे येत नाहीत, तोच येतो.

रस्त्याला कोणी नाही. शनिवारचा दिवस, एक जीप नाही, एक एसटी नाही. असं कधी असतं का? फोनला रेंज नाही.

ते अडीचला निघतात. वरून उतारानं येतात. ललित बरा चालवतो, पण वळणापलीकडचं वरून दिसत नाही. वर चालत जातो आणि तिकडेच अडवतो त्यांना.

२.५०

वर गेलो. वळण संपलं आणि समोर ट्रक उभा. मागची बाजू. नंबर माझाच. वर निघालेला मी पुन्हा खालूनच येतोय.

परत गेलो. धावलो. पुन्हा माझीच गाडी.

चार वेळा.

आईची कसम, माणसं मारायची तर मला मार ना! पोरीनं काय केलं तुझं?

३.३०

एकच उपाय. हलत नाही तर त्याच्यावर बसतो. मी बसलेला दिसेन, लाल दुपट्टा लांबून दिसतो. आवाज आला की उठून उभा राहीन, हात दाखवीन. दगड माझ्याखाली राहील.

बसलो. डायरी मांडीवर आहे.

दीक्षा, हे वाचशील तर माणिकबाईला सांग की—

४ ला दहा कमी

खाली बघितलं. दगड नाही. मी नुसता रस्त्यावर बसलोय. गेला! सुटलो असं वाटलं. उठायला गेलो.

पाय उठत नाहीत.

दुखत नाहीत. थंड आहेत. चिमटा घेतला, नख तुटलं. कातडी काळी— गुडघ्यावर एक पांढरी रेघ—

उठ ना. उठ रे हरामखोरा. दोन मिनिटं लागतात उठायला, दोन मिनिटं—

मोटारसायकल. वरच्या वळणावर. हॉर्न दिला. दीक्षा हसतेय, तिचंच हसणं—

ओरडतोय. आवाज निघत नाही. आयुष्यभर ओरडलो आणि आत्ता—

हात जड झाला. पेन

कोणी आहे का, मला इथून उच